आजाऱ्याच्या उशाशी श्रद्धेची सोबत

आयुष्यभर दर रविवारी चर्चमधील ठरलेल्या बाकावर बसणारी व्यक्ती जेव्हा गुडघेदुखीने, पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने घरात अडकून पडते, तेव्हा केवळ तिचे चालणे थांबत नाही. उपासनेनंतर अंगणात रंगणाऱ्या गप्पा थांबतात, सर्वांबरोबर एका सुरात गायिलेली गीते थांबतात, कोणाच्या नातवंडाचा बाप्तिस्मा झाला आणि कोणाच्या घरी दुःख आले, हे कळण्याची वाट बंद होते. पहिले काही आठवडे माणसे भेटायला येतात. पुढे भेटी विरळ होत जातात. जे येत राहतात, त्यांच्यापाशीही बहुधा काही ठरावीक वाक्येच उरलेली असतात: ‘प्रभूवर भरवसा ठेवा’, ‘सगळे ठीक होईल’, ‘देवाच्या मनात असेल तसे’.

वाचकहो, ही वाक्ये वाईट हेतूने कोणी उच्चारत नाही. परंतु दीर्घ आजारात श्रद्धेचे शब्द कधी औषधासारखे लागू पडतात, तर कधी जखमेवर मीठ चोळल्यासारखे झोंबतात. हा फरक शब्दांच्या निवडीपेक्षा ते कोण, केव्हा आणि कशा रीतीने बोलतो यावर अधिक अवलंबून असतो. ख्रिस्ती कुटुंबांत आजारी आणि वृद्ध माणसांना श्रद्धेतून धीर कसा द्यावा, याचा विचार येथे करू या. आपल्या घरातील श्रद्धा वेगळी असली, तरी यातील बरेचसे आपल्याही उपयोगी पडेल.

धीर देणे म्हणजे जवळ असणे

नव्या करारात धीर, सांत्वन आणि उत्तेजन या अर्थांनी येणारा मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेसिस’ असा आहे. ‘पारा’ म्हणजे शेजारी, आणि शब्दाचा उरलेला भाग ‘बोलावणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. म्हणजे धीर देण्याच्या कल्पनेतच कोणाच्या तरी शेजारी जाणे सामावलेले आहे. पवित्र आत्म्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानात वापरलेले नावही याच शब्दकुळातील आहे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात योसेफ नावाचा, कुप्र बेटावरचा एक मनुष्य भेटतो. प्रेषितांनी त्याला ‘बर्णबा’ हे नाव दिले, आणि त्याचा अर्थ धीर देणारा असा सांगितला आहे. हे नाव त्याला शोभते ते त्याच्या कृतींमुळे. गरजूंसाठी त्याने आपले शेत विकले. पूर्वी मंडळीचा छळ करणारा शौल मनपरिवर्तन होऊन यरुशलेमेत आला, तेव्हा सगळे त्याला भीत होते. त्या वेळी बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. आजाऱ्याला धीर देऊ इच्छिणाऱ्याने बर्णबाचा हा क्रम ध्यानात ठेवावा: आधी पाऊल आणि हात, मग शब्द.

ईयोबाच्या मित्रांचे काय चुकले

दुःखिताशी कसे वागावे आणि कसे वागू नये, हे दोन्ही पवित्र शास्त्रातील ईयोबाच्या पुस्तकात एकत्र वाचायला मिळते. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र आले. त्याची अवस्था पाहून ते रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे जाणून कोणीही एक शब्द बोलले नाही. पुढे मात्र त्यांनी तोंड उघडले आणि दुःखाची कारणे सांगण्यास सुरुवात केली. तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो दुःखाने तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडू पाहणाऱ्या या मित्रांवर.

योहानाच्या शुभवर्तमानातही हाच प्रश्न येतो. जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो.

म्हणून भेटीला जाल तेव्हा काही वाक्ये उंबऱ्याबाहेरच ठेवावीत. ‘देव तुमची परीक्षा पाहत आहे’, ‘तुमचा विश्वास कमी पडतो आहे’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत ते पाहा’, ‘यातूनही काहीतरी चांगलेच होईल’. ही वाक्ये ऐकून आजारी माणूस बहुधा मान हलवतो आणि गप्प होतो. त्याचे गप्प होणे म्हणजे त्याला धीर आला असे समजू नये. अनेकदा त्याने आपले दुःख झाकून घेतलेले असते.

त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. ‘आजी, रात्र कशी गेली?’ ‘आज सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो आहे?’ ‘मी थोडा वेळ नुसता बसू का?’ आणि शेवटी, ‘प्रार्थना करू या का? कशासाठी करू?’ हा अखेरचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपण आजीच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करण्याच्या तयारीत असतो, आणि तिला मात्र परगावी असलेल्या मुलाची चिंता लागलेली असते.

रडण्याला आणि तक्रारीला जागा

श्रद्धावान माणसाने खचू नये, रडू नये, अशी एक समजूत अनेक घरांत आढळते. तिला पवित्र शास्त्राचा आधार नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापाच्या स्तोत्रांची संख्या इतर कोणत्याही प्रकारापेक्षा अधिक आहे. ८८ वे स्तोत्र तर आशेच्या एकाही शब्दाशिवाय अंधारातच संपते. ७१ व्या स्तोत्रात म्हातारपणी, शक्ती सरल्यावर मला टाकून देऊ नकोस, अशी आळवणी आहे. ज्यांनी हा संग्रह उपासनेसाठी जपला, त्यांनी ही स्तोत्रे त्यातून वगळली नाहीत. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, हेही आपण जाणतोच.

तेव्हा ‘देवाने मला का विसरावे?’ असे आजोबा म्हणाले, तर लगेच त्यांची समजूत घालू नका. ‘असे बोलू नये’ म्हणून दटावू नका. हा प्रश्नही प्रार्थनेचाच एक प्रकार आहे. त्यांचा हात धरा आणि ऐका. त्यांना आवडत असेल, तर ७१ वे स्तोत्र सावकाश वाचून दाखवा. आपल्या मनातले कोणीतरी आधीच बोलून ठेवले आहे, हे उमगण्यातही दिलासा असतो.

भेट कशी असावी

दुर्बल शरीराला दीर्घ भेट पेलत नाही. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. महिन्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वारी थोडा वेळ जाणे अधिक गुणकारी ठरते, कारण आजारी माणसाला त्या वाराची वाट पाहता येते. सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी आणि फोनवरून चार शब्द बोलावेत. खोलीत जाण्यापूर्वी हात धुवावेत.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावले आहे का ते पाहावे. उजेडात, चेहऱ्यासमोर बसून, ओरडण्याऐवजी स्पष्ट आणि संथ बोलावे. प्रार्थना लहान असावी. गुडघे टेकण्याचा आग्रह नसावा. बसून किंवा पडून केलेली प्रार्थना उणी ठरत नाही.

सावधगिरीची एक गोष्ट विसरू नये. खोलीत ऑक्सिजनचे सिलिंडर किंवा यंत्र सुरू असेल, तर तेथे मेणबत्ती किंवा उदबत्ती मुळीच पेटवू नये. आग भडकण्याचा धोका असतो. दम्याच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांना धुराचाही त्रास होतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ गाणे विशेष उपयोगी पडते. कालचे जेवण न आठवणाऱ्या व्यक्तीलाही बालपणापासून म्हटलेली गीते आणि प्रार्थना बऱ्याच काळापर्यंत आठवत राहतात. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या हाताशी याबाबतीत मोठा ठेवा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग आणि भजनांच्या चालीवर रचलेली गीते आजही मराठी उपासनेत गायिली जातात. आजीच्या पिढीने ती तोंडपाठ केलेली आहेत. आपण पहिली ओळ सुरू करावी आणि थांबावे. पुढची ओळ पुष्कळदा तिच्याकडूनच येते. कॅथलिक घरांत रोझरीचे मणी हातात दिले की ओठ आपोआप हलू लागतात. अखेरच्या अवस्थेत माणूस प्रतिसाद देईनासा झाला, तरी त्याला ऐकू येत असावे असे धरूनच हळू आवाजात बोलावे, गावे.

धर्मगुरूंना बोलावण्याची भीती

‘फादरना बोलावले’ म्हटले की आजही काही घरांत रडारड सुरू होते. तैलाभ्यंग म्हणजे शेवटची घटका, हा समज त्यामागे आहे. या भीतीपोटी कुटुंबे इतका उशीर करतात, की आजाऱ्याला त्या संस्काराचा दिलासा अनुभवण्याइतके भान राहत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये या संस्काराचा विधी नव्याने मांडला. हा संस्कार केवळ मरणासन्न माणसासाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, तसेच विशेष आजार नसतानाही वार्धक्याने फार अशक्तपणा आला असेल तर तो घेता येतो. आजार बळावला किंवा नवा गंभीर आजार झाला तर पुन्हाही घेता येतो. म्हणून आजोबा शुद्धीवर असताना, कुटुंब भोवती जमलेले असताना धर्मगुरूंना बोलवावे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला पाळकांना आणि मंडळीच्या वडीलजनांना बोलावण्याची प्रथा आहे. तिचा आधार याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सापडतो. तेथे आजाऱ्याने स्वतः त्यांना बोलवावे असे सांगितले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढाकार आजाऱ्याचा असतो.

चर्चला जाता येत नसेल तर कम्युनियन किंवा प्रभुभोजन घरी आणण्याची विनंती करावी. कॅथलिक चर्चमध्ये यासाठी नेमलेले सेवक असतात. गिळण्याचा त्रास असेल तर त्यांना आधी कल्पना द्यावी. रुग्णाला ताठ बसवावे, भाकरीचा अगदी लहान कण द्यावा आणि गिळण्याच्या त्रासाबद्दल डॉक्टरांनी दिलेल्या सूचना पाळून पाणी द्यावे. कण गिळणेही शक्य नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देण्याची मुभा चर्चच्या नियमांत आहे.

उपासाबद्दलही अनेक वृद्धांच्या मनात अपराधीपणा असतो. कॅथलिक नियमांनुसार उपासाचे बंधन साठाव्या वर्षात पदार्पण करताच संपते. कम्युनियनपूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही. इतकेच नव्हे, तर त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही त्यातून सूट आहे. मधुमेह असलेल्या आजीला हे आवर्जून सांगा. इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे, आणि तिची श्रद्धा तिच्याकडून तशी अपेक्षाही करीत नाही.

प्रार्थना आणि औषध

‘आता गोळ्या कशाला, प्रभू बरे करील’ असे म्हणून औषध बंद करणारी माणसे आपल्या परिचयात असतील. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार किंवा हृदयविकाराची औषधे अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. ख्रिस्ती परंपरा औषधांच्या विरोधात कधीच नव्हती. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचा उल्लेख नव्या करारात वैद्य म्हणून येतो. पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटाच्या त्रासावर घरगुती उपाय सुचवतो. कॅथलिक शास्त्रात असलेल्या बेन सिराच्या ग्रंथातील ३८ व्या अध्यायात आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असा उपदेश आहे. कारण वैद्य हाही देवानेच निर्माण केलेला आहे.

दुसरीकडे, बरे न होणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. पौलाने आपल्या शरीरातील ‘काट्या’साठी तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. विश्वासात पौल कमी होता असे कोणी म्हणणार नाही.

वेदनाशामक औषधांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ‘दुःख सोसावे, ते पुण्याचे आहे’ असे मानून कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन देण्यास काही कुटुंबे कचरतात. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांपुढे बोलताना वेदना कमी करण्यासाठी अशी औषधे देणे योग्य असल्याचे स्पष्ट केले होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेतल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. उलट वेदना आटोक्यात आली की माणसाला पुन्हा प्रार्थना करण्याची, बोलण्याची ताकद येते.

औदासीन्याची लक्षणेही ओळखावीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असणे, झोप आणि भूक उडणे, कशातच रस न वाटणे, प्रार्थनाही नकोशी होणे, हा श्रद्धेचा ऱ्हास नसून उपचारांनी बरा होणारा आजार असू शकतो. ‘जगून काय उपयोग’ असे वारंवार बोलणे किंवा जीव देण्याची भाषा कधीही हलकी मानू नये. त्यावर उपदेश न करता माणसाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना तातडीने कळवावे. शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

वेदना चार ठिकाणी असते

लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणपंथाला लागलेल्या माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही अंगांनी असते, असे त्यांनी मांडले. एका अंगाकडे दुर्लक्ष झाले तर इतर अंगांचे दुखणेही वाढते. त्यांच्या संस्थेचा पाया ख्रिस्ती होता, तरी तिची दारे कोणत्याही धर्माच्या आणि धर्म न मानणाऱ्या माणसांसाठी उघडी होती. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झाले. तेथेही कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा धर्मभेद न करता केली जाते.

येथे एक मर्यादा पाळावी लागते. आजारी माणूस उठून निघून जाऊ शकत नाही. तो आपल्यावर अवलंबून असतो. म्हणून वेगळ्या धर्माच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती परिचारिकेने किंवा शेजाऱ्याने न विचारता प्रार्थना किंवा उपदेश सुरू करू नये. त्याने विचारले तर आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगावी; न विचारल्यास मनातल्या मनात प्रार्थना करावी. हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे. आपण हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध असाल आणि शेजारच्या ख्रिस्ती आजींकडे बसत असाल, तर त्यांच्या मंडळीत एक फोन करणे, त्यांच्या पवित्र शास्त्रातील खूण घातलेले पान वाचून दाखवणे, ही मोठी सेवा ठरेल. त्यासाठी आपली श्रद्धा बदलावी लागत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यालाही धीर हवा

गेथसेमाने बागेत येशूने तीन शिष्यांना एकच गोष्ट मागितली होती: माझ्याबरोबर जागे राहा. ते थकून झोपी गेले. रात्रीमागून रात्री जागणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा पतीला हा प्रसंग चांगला समजेल. शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा हा प्रेमाचा अभाव नाही.

म्हणून मंडळीतील मित्रांनी भेटीत आजाऱ्याइतकेच त्यांच्याकडेही पाहावे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हटले की बहुतेक जण काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी नेमके बोलावे: ‘रविवारी सकाळी दोन तास मी आईंजवळ बसते, तू चर्चला जाऊन ये.’ ‘गुरुवारचा डबा मी आणतो.’ पाच-सहा घरांनी वार वाटून घेतले, तर कोणावरही भार न पडता एका घराला वर्षभर आधार मिळू शकतो.

वृद्धांकडेही देण्याजोगे असते

सतत घेत राहावे लागणे हे वार्धक्याचे मोठे दुःख आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला मंदिरात प्रथम ओळखणारी दोन माणसे वृद्ध आहेत: शिमोन, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना. कथेत ती दोघे साहाय्य मागायला नव्हे, तर आशीर्वाद आणि वार्ता द्यायला पुढे येतात.

वृद्ध वाचकहो, आपले पाय थांबले असतील, पण ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे आपल्यापाशी आहेत. एका वहीत सात दिवसांची सात पाने करा. एका दिवशी नातवंडे, एका दिवशी शेजारी, एका दिवशी आपल्यासारखेच घरात अडकलेले मंडळीतील जुने सोबती. ज्यांची नावे त्या दिवशी लिहिली असतील, त्यांपैकी एकाला फोन करा आणि ‘आज तुझी आठवण केली’ एवढेच सांगा. आणि कुटुंबीयहो, भेटीला गेल्यावर आजीसाठी प्रार्थना करून झाली, की एकदा तिलाही म्हणा, ‘आता तू माझ्यासाठी कर.’ तिचा कापरा हात आपल्या डोक्यावर ठेवला जाईल, तेव्हा घाई करू नका.